चोवीस तारखेचं पान

१

सहा तारखेला चिमणीची आई आमच्या ऑफिसात आली. लेकीचा डबा, स्वेटर आणि पाण्याची बाटली मी आधीच पिशवीत भरून ठेवली होती, पण पिशवीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. सरळ काचेच्या केबिनमध्ये शिरली, साहेबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या मुलीनं रजा मागितली होती. तुम्ही दिली का नाही?"

आमची कंपनी दुसऱ्यांचे पगार करते. चारशे कारखाने, दवाखाने, दुकानं. त्यांच्या माणसांची हजेरी इकडे येते आणि हिशेब होऊन पगार तिकडे जातो. तिसऱ्या मजल्यावर साठ माणसं बसतात. त्या मजल्याची झाडलोट माझ्याकडे, हाताखाली चार बायका. सगळे मला काकी म्हणतात. माझ्या पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

चिमणी खिडकीपासून तिसऱ्या खुर्चीवर बसायची. जेमतेम पंचवीस वर्षांची, फुंकर मारली तर उडेल अशी. गेल्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला तिनं टेबलावर डोकं टेकलं. शेजारच्यांना वाटलं, डुलकी लागली असेल. महिनाअखेरीला तिथं सगळेच पेंगतात, म्हणून कुणी उठवलं नाही. तीस तारखेला दवाखान्यातच ती वारली. छातीत पाणी झालं होतं.

साहेबांना सगळे घड्याळ म्हणतात. समोरचा बोलायला लागला की यांची नजर आपल्या मनगटावर. पण त्या दिवशी मनगट बाहीत लपवून ते अगदी गोड बोलले.

"ताई, बसा. आपल्याकडे सगळं लेखी असतं. वीस तारखेनंतर कॉम्प्युटरवर रजा बंद होते. ज्याला फारच नड असते त्याची मागणी या वहीत लिहिली जाते. एका दिवसाला एक पान. कधी मागितली होती म्हणता?"

"चोवीसला. त्या रात्री घरी येऊन सांगितलं तिनं मला."

त्यांनी वही उघडली. मी पाण्याचा पेला ठेवायला वाकले होते, मला पान स्पष्ट दिसलं. चोवीस तारीख. सहा ओळी. आमच्याकडे माणसाचं नाव लिहीत नाहीत, नंबर लिहितात. साहेबांनी एकेका ओळीवर बोट ठेवलं. चिमणीचा नंबर कुठंच नव्हता.

"वही कोण लिहितं?"

"मी लिहिते," दारातून आवाज आला.

ती माझी सून. त्या मजल्यावरच्या पंधरा जणांची ती प्रमुख. पदवीधर आहे. मजल्यावर तीही मला काकीच म्हणते.

"मग तूच सांग बाई. मागितली होती का?"

सूनबाईनं फरशीकडे पाहिलं. फरशी मी सकाळीच पुसली होती, तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "नव्हती मागितली."

२

बायकांच्या स्वच्छतागृहात कोण कधी रडतं ते झाडणाऱ्या बाईइतकं कुणाला माहीत नसतं. नळ सोडून रडणाऱ्या वेगळ्या, फोन कानाला लावून रडणाऱ्या वेगळ्या. चिमणीची आई आरशासमोर उभी होती. डोळे कोरडे ठणठणीत.

"सोमवारी तुमच्या मोठ्या ऑफिसचा माणूस येणार आहे," ती म्हणाली. "कंपनीनं काही नाकारलं नाही, असं लिहून त्यावर माझी सही घेणार आहेत."

"मग करू नका सही."

"सहीचं काय घेऊन बसलात!" तिनं माझा हात धरला, जोरात. "ताप अंगात घेऊन जात होती हो ती. चोवीसला सकाळी मी दार अडवून उभी राहिले. म्हटलं, आज रजा मागितली नाहीस तर माझ्याशी बोलू नकोस. रात्री आली आणि म्हणाली, मागितली आई, नाही मिळाली. मला वाटलं, थापा मारते. मी तिला खोटारडी म्हटलं. तेव्हापासून चार दिवस आम्ही नीट बोललो नाही, आणि मग..." तिनं हात सोडला. "ती खोटं बोलली का माझ्याशी? एवढंच मला कळू दे. बाकी काही नको."

साहेबांचं बोट मी पाहिलं होतं, आणि माझ्याच सुनेनं नाही म्हणून सांगितलं होतं.

संध्याकाळी सुटताना मी फाटकाच्या यंत्रावर कार्ड टेकवलं. दर वेळी तिथं आपला नंबर उजळतो: ६०३१८. मी चौथी नापास, पण आकड्यांशी माझं कधी वाकडं नव्हतं. तो नंबर पाहिला आणि माझा पाय उचलेना. मागची माणसं खोळंबली. एक म्हणाला, "काकी, चाला की, का मुक्काम करताय?"

चोवीस तारखेच्या त्या पानावर माझीही ओळ होती. दाढ काढायला मी अर्धा दिवस मागितला होता, मिळालाही होता. दुपारी पानावर मी तीच ओळ ओझरती पाहिली होती. तिच्यापुढे हाच नंबर होता, ६०३१८.

आणि हा नंबर मला मिळाला याच महिन्याच्या एक तारखेला. त्याआधी अकरा वर्षं आम्ही झाडणाऱ्या बायका ठेकेदाराच्या होतो, माझा नंबर ४१७२ होता. एक तारखेला कंपनीनं आम्हांला आपल्यात घेतलं आणि नवी कार्डं वाटली.

जो नंबर अजून जन्मालाच आला नव्हता, तो चोवीस तारखेच्या पानावर कसा?

३

घरी मी तोंड उघडलं नाही. माझ्या तोंडाला कुलूप लागलं की घरातले घाबरतात. मुलगा दोनदा विचारून गेला, आई, बरं नाही का. सूनबाईनं मात्र विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हसऱ्या मॅडमकडे गेले. माणसांची भरती, बदल्या, तक्रारी तिच्याकडे. कुणाला कामावरून काढायचं असलं तरी ती हसूनच काढते. वही तिच्याच कपाटात असते.

"मॅडम, माझ्या दाढेच्या अर्ध्या दिवसाचं पान बघायचंय. हजेरीत घोळ झालाय म्हणतात."

"काकी, तुमच्या हजेरीत घोळ? सूर्य पश्चिमेला उगवला!" ती हसली आणि पान काढून दिलं. मी फोनवर फोटो काढला. नातीनं शिकवलंय.

कागद जवळून पाहिला. वहीतली बाकीची पानं हाताळून मऊ पडली होती. हे कडक. वही कॉइलची, म्हणजे पान काढून दुसरं घालता येतं. निळ्या शाईत सहा ओळी, प्रत्येकीपुढे बरोबरची हिरवी खूण.

"वही तुमच्याकडेच असते का नेहमी?"

"चिमणी गेली त्या दिवसापासून माझ्याकडे. किल्ली एकच, ती माझ्या गळ्यात. पाहिजे तर झोपेतसुद्धा तपासा."

"एकदाही बाहेर गेली नाही?"

हसू तसंच राहिलं, डोळे तेवढे हसायचे थांबले. "गेली. चार तारखेला. साहेबांनी तासाभरासाठी मागवली होती."

"साहेब स्वतः आले?"

"छे. ते कधी स्वतः येतात? माणूस पाठवला."

"कुणाला?"

तिनं कपाट लावून घेतलं. किल्ली गळ्यात टाकली आणि माझ्याकडे वळली.

"काकी," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच न हसता म्हणाली, "हे मला विचारू नका. ऑफिसात तर कुणालाच विचारू नका."

४

हिरवी शाई त्या मजल्यावर एकट्या टिक्याची. चाळिशीचा, टक्कल पडलेला, एकटा राहणारा. आमच्या कामात एकानं लिहायचं आणि दुसऱ्यानं तपासायचं असतं. टिक्या तपासणारा. जेवणाच्या डब्यातला घाससुद्धा तो तपासून खातो, अशी थट्टा चालते. एक तारखेपासून त्याला खालच्या मजल्यावर हलवलं होतं, का ते कुणाला कळलं नव्हतं.

मला मनातून तोच हवा होता. खरं सांगते, मी देवाला मागत होते, हाच निघू दे.

जिन्याच्या वळणावर त्याला गाठलं. "या हिरव्या खुणा तुझ्याच ना रे?"

त्यानं फोटो मोठा करून पाहिला. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "माझ्या नाहीत, काकी."

"हो, तू म्हणणारच."

"ऐका तरी. ही चौथी ओळ बघा. हा माझा नंबर. परीक्षेसाठी मी एक दिवस मागितला होता. या ओळीपुढेही हिरवी खूण आहे."

"मग?"

"स्वतःची ओळ स्वतः तपासायची नसते. कामावर घेतात त्या दिवशी पहिला धडा तोच. हात तोडला तरी मी माझ्या ओळीवर खूण करणार नाही. माझी ओळ नेहमी चिमणी तपासायची, तिच्या जांभळ्या पेनानं. चोवीसलाही तिनंच तपासली होती. 'सर, पास व्हा' म्हणाली होती." तो थांबला. "ती जांभळी खूण इथं नाही. ज्यानं ओळीनं सगळ्या खुणा हिरव्या मारल्या, तो या खुर्च्यांवर कधी बसलेलाच नाही."

साहेब विक्रीच्या खात्यातून आलेले. खुर्चीवर बसून एकाही माणसाचा पगार त्यांनी केलेला नाही, हे मजल्यावर सगळ्यांना माहीत.

"म्हणजे पान साहेबांनी लिहिलं?" मी हुश्श केलं.

"खुणा साहेबांच्या असतील. अक्षर नाही."

"अक्षराची नक्कल करता येते."

"अक्षराची येते, काकी, सवयीची येत नाही." तो खालच्या आवाजात बोलू लागला. "जुन्या पानावर तुमचा नंबर ४१७२ होता. मी स्वतः तपासलाय. साहेब उतरवून काढायला बसले असते, तर दिसेल तसा ४१७२ लिहून मोकळे झाले असते. पण तो नंबर एक तारखेला बंद झाला. बंद नंबरावर काही लिहिलं की आमच्याकडे ते चूक म्हणून परत येतं. त्यामुळे आमचा हात बंद नंबर लिहीतच नाही. समोर जुना दिसला तरी पेनातून नवा उतरतो. त्यातून ज्या माणसानं तुम्हा सगळ्या बायकांचे नंबर त्या आठवड्यात बदलले असतील, त्याच्या हातून तर हटकून."

"कुणी बदलले आमचे नंबर?"

टिक्यानं फोन माझ्या हातात परत दिला आणि जिना उतरायला लागला. उत्तर द्यायची गरज नव्हती. त्या आठवड्यात माझ्या घरात पोळ्या लाटता लाटता कुणी आमचे जुने-नवे नंबर पुटपुटत होतं ते माझ्या कानांनी ऐकलं होतं.

लिहिणारा एक आणि तपासणारा दुसरा. खोटंसुद्धा त्यांनी ऑफिसच्या रीतीनंच केलं होतं.

५

सुट्टीची सकाळ होती. मुलगा कामावर गेलेला, नात शेजारी खेळायला. सूनबाई इस्त्री करत होती. मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"चार तारखेला वही तू नेलीस."

इस्त्री शर्टावरच राहिली. जळका वास आल्यावर मीच ती उचलून उभी केली.

"शर्ट गेला," मी म्हटलं. "आता बोल."

"साहेब म्हणाले, पानावर चहा सांडलाय, नीट उतरवून काढ."

"सांडला होता?"

"नाही."

"मग तुला हे कळलं नाही, एवढी शिकलेली तू?"

"कळलं, आई." ती खाली बसली. "त्यांनी तिच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ही एक सोडून सगळं उतरव. म्हणाले, नामंजुरीची सही माझी आहे, पण शेरा तुझा आहे. बुडालो तर दोघं बुडू."

"काय शेरा?"

तिनं इस्त्रीची वायर काढली आणि गुंडाळायला घेतली. मी थांबले. मला थांबता येत नाही असं माझा मुलगा म्हणतो, पण त्या दिवशी मी थांबले.

"'बदली माणूस नाही,'" ती म्हणाली. "रजा मागितली की तिच्या जागी कोण बसेल ते मला लिहावं लागतं. पंधरा जणांत चार आधीच आजारी होते. मी लिहिलं, बदली माणूस नाही. साहेबांनी वाचलं आणि सही केली. दोन सेकंदं लागली असतील. मी तिला म्हटलं, अठ्ठावीसपर्यंत कळ काढ, मग आठवडाभर जा."

बाहेर नात हसत होती, तो आवाज आत येत होता.

"चोवीस तारखेच्या पानावर माझा नवा नंबर उतरलाय. आणि त्या हिरव्या खुणा? टिक्याच्या ओळीवर टिक्याची खूण लागत नाही, हे तू साहेबांना सांगितलं नाहीस?"

"नाही."

"का?"

"कुणाच्या तरी लक्षात यावं असं वाटलं असेल." तिनं तोंड पुसलं. "तुमचा नंबर मात्र आपसूक गेला. त्याचं मला आत्ता तुमच्याकडून कळतंय."

मला सांगायला लाज वाटते, पण मनात आलं ते लिहिते. मनात आलं, गप्प बसावं. हिच्यावर घर चालतं. पोरीची शाळा हिच्यावर. मुलाच्या नोकरीचं आज आहे, उद्या नाही. ती पोर तर गेलीच. टिक्या बोलायचा नाही, तो भित्रा. हसरी मॅडम बोलायची नाही, ती शहाणी. राहिले मी, आणि झाडणाऱ्या बाईचं कोण ऐकतं?

मग ती आई आठवली, कोरड्या डोळ्यांची.

"जुनं पान फाडलंस?"

"साहेब म्हणाले कागद कापायच्या यंत्रात घाल. मी घातलं नाही. आम्ही कागद सात वर्षं ठेवतो, आई. हात होईना. बंद नंबरांच्या खोक्यात ठेवलंय, तिच्या नंबराखाली."

"सोमवारी ती बाई सही करायला येतेय. आपली मुलगी खोटारडी होती, असं मानून ती सही करेल. तू बोलशील का मी बोलू?"

"माझी नोकरी जाईल."

"जाईल."

"कदाचित पुढेही काही होईल."

"होईल. त्यासाठी मी तुझ्या बाजूला उभी राहीन. पण त्या बाईसमोर तू एकटीनं उभं राहायचंस. मी मध्ये पडणार नाही."

तिनं जळलेला शर्ट उचलला, घडी घातली, परत उलगडला.

"तुम्हांला माझा राग येतोय," ती म्हणाली.

"येतोय. आणि जायचा नाही लवकर. तू चहा घेतलास का सकाळपासून?"

६

सोमवारी मोठ्या ऑफिसचा माणूस आला. करड्या कोटातला, मऊ बोलणारा. साहेब एका बाजूला, हसरी मॅडम दुसऱ्या बाजूला, मध्ये चिमणीची आई. मी पाण्याचे पेले ठेवून दाराशी उभी राहिले. जा म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

"इथे सही, ताई," कोटवाला म्हणाला. "घाई नाही."

आईनं पेन उचललं. नाव लिहायला लागली. पहिलं अक्षर काढलं, दुसरं काढलं. सूनबाई भिंतीला टेकून उभी, हलेना. माझ्या जिभेवर शब्द आले होते. मी दात दाबून धरले.

तिसऱ्या अक्षराला सूनबाई पुढे झाली आणि टेबलावर एक कागद ठेवला.

"चोवीस तारखेचं खरं पान हे. वहीतलं मी चार तारखेला लिहिलंय. खुणा साहेबांनी केल्यात."

"काय बोलतेस कळतंय का तुला?" साहेब ओरडले. "सर, ही दमलेली आहे, हिला..."

"काकींचा नंबर बघा," सूनबाई कोटवाल्याला म्हणाली. "वहीतल्या पानावर एक तारखेनंतरचा आहे. आणि चौथ्या ओळीवर तपासणाऱ्यानं स्वतःलाच तपासलंय."

कोटवाला पगाराच्या कामातूनच वर चढलेला असावा. त्यानं दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली, फक्त दोन ठिकाणी पाहिलं आणि चष्मा काढला. साहेबांकडे त्यानं मान वळवली, तेव्हा साहेब मनगटाकडे बघत होते. घड्याळ बाहीत होतं.

चिमणीच्या आईला या कशाशी देणंघेणं नव्हतं. तिनं जुन्या पानावर हात ठेवला.

"वाच," ती सूनबाईला म्हणाली.

सूनबाईनं वाचलं. नंबर वाचला. "तीन दिवस. कारण: ताप, धाप लागते. शेरा: बदली माणूस नाही. नामंजूर."

त्याच्या वरची ओळ माझी होती. दाढ, अर्धा दिवस, मंजूर.

"हा शेरा कुणाचा?"

"माझा."

आईनं तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हात उचलते. उचलला असता तरी मी जागची हलले नसते.

"लिहून घेताना ती काय म्हणाली तुला?"

सूनबाईनं पान आईच्या पुढे सरकवलं. मग बोलली.

"म्हणाली, ताई, आईनं दार अडवून पाठवलंय. मिळाली नाही तरी चालेल, पण मी मागितली एवढं वहीत लिहून ठेवा. मला घरी खरं सांगता येईल."

आईनं अर्धवट सहीचा कागद बाजूला सारला, जुनं पान उचललं आणि त्या ओळीवरून बोट फिरवलं, एकदा, परत एकदा.

"खरंच सांगत होती ग मला," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही.

मग उठली. पान छातीशी धरून दाराकडे निघाली.

"ताई," कोटवाला अर्धवट उठत म्हणाला, "मूळ कागद बाहेर नेता येत नाही. मी तुम्हांला त्याची प्रत काढून देतो."

ती वळली.

"प्रत नको," ती म्हणाली. "प्रत एकदा दाखवलीत मला."

कोटवाल्यानं मॅडमकडे पाहिलं, मॅडमनं टेबलाकडे. कुणी पुढे झालं नाही. मी दार उघडून धरलं.